‘वेस्ट ऑफ लोदिंग’ आणि समीक्षकांचा कौल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘वेस्ट ऑफ लोदिंग’ हा खेळ कोणता आणि तो कोणी तयार केला?

‘असिमेट्रिक पब्लिकेशन्स’ या छोट्या अमेरिकी संस्थेने तयार केलेला हा एकट्याने खेळायचा विनोदी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ, १० ऑगस्ट २०१७ रोजी विंडोज, मॅक आणि लिनक्स संगणकांसाठी प्रसिद्ध झाला. घरचे शेत सोडून नशीब काढण्यासाठी पश्चिमेकडे निघालेल्या एका तरुण पात्राची ही गोष्ट आहे. अमेरिकेतल्या सीमावर्ती प्रदेशाचा सगळा परिचित सरंजाम, म्हणजे दारूचे गुत्ते, शेरीफ, घोडे, खाणी आणि रेल्वे, तिच्यात हजर आहे. मात्र या प्रदेशात सांगाडे, भुते, जादूटोणा करणारे, दुष्ट विदूषक आणि सैतानी गायी यांचाही वावर आहे. सगळी पात्रे आणि सगळा प्रदेश पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या रेघांनी काढलेला आहे आणि माणसे म्हणजे शाळकरी मुले वहीच्या मागच्या पानावर काढतात तशी काड्यांची माणसे आहेत. याच संस्थेचा ‘किंगडम ऑफ लोदिंग’ हा ब्राउझरवर खेळायचा विनामूल्य खेळ २००३ पासून चालू आहे. नवा खेळ त्याच विनोदी विश्वात घडतो.

समीक्षकांनी खेळाचे एकंदर स्वागत कसे केले?

अतिशय आपुलकीने केले. समीक्षकांच्या गुणांची भारित सरासरी काढणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’ या संकेतस्थळावर खेळाची नोंद ‘सामान्यतः अनुकूल’ या गटात झाली. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानावर खेळाडूंनी दिलेला एकंदर कौल तर तिथल्या सर्वोच्च श्रेणीत बसतो. ही श्रेणी मिळण्यासाठी किमान पाचशे अभिप्राय यावे लागतात आणि त्यांपैकी ९५ टक्के किंवा त्याहून अधिक अनुकूल असावे लागतात. समीक्षकांची पसंती आणि खेळाडूंची पसंती यांचे सूर पुष्कळदा जुळत नाहीत, पण इथे ते जुळले, आणि दोघांनी कौतुकासाठी निवडलेल्या गोष्टीही जवळपास सारख्याच होत्या.

मला महत्त्वाची वाटते ती कौतुकाची जात. तांत्रिक करामत, चित्रांचा तपशील किंवा जगाचा अवाढव्य आकार यांबद्दल या खेळाच्या समीक्षांत फारसे काही नव्हते, कारण तसे सांगण्यासारखे खेळात काही नव्हतेच. खेळातली वाक्ये चांगली आहेत, एवढ्या एका कारणासाठी समीक्षकांनी हा खेळ शिफारस करण्याजोगा ठरवला. व्हिडिओ गेमच्या समीक्षेत असे क्वचित घडते.

लेखनाचे एवढे कौतुक का झाले? विनोदी संवाद तर इतर खेळांतही असतात.

असतात, पण बहुतेक खेळांत ते ठरावीक जागी असतात. मुख्य कथानकातल्या एखाद्या प्रसंगात विनोद होतो आणि त्यानंतर अर्धा तास नुसत्या लढाया होतात. ‘वेस्ट ऑफ लोदिंग’मध्ये ज्या कोपऱ्यात कोणी जाणार नाही असे वाटते, तिथेही लेखक आधीच जाऊन बसलेला असतो. पुस्तकांचे कपाट, घोड्याचे खोगीर, दुकानातली वस्तू, शत्रूच्या चालीचे वर्णन, इतकेच काय, खेळाच्या मांडणीचे पर्याय जिथे बदलायचे ती यादीसुद्धा कोणीतरी मन लावून लिहिलेली आहे. ज्या वस्तूचा कथेशी काडीचा संबंध नाही, तिच्यासाठीही स्वतंत्र वाक्य लिहिलेले असते आणि ते वाक्य भरतीचे नसते. समीक्षकांनी वाखाणली ती ही घनता.

पीकदाणीचे उदाहरण घेतल्याशिवाय हे नीट समजणार नाही. गुत्त्यात पीकदाणी ठेवलेली असते. तिच्याजवळ गेल्यावर आत हात घालण्याचा पर्याय मिळतो. तो निवडला की निवेदक तुम्हाला थांबवू पाहतो. आत काय असेल याची तो किळसवाणी कल्पना देतो आणि खरोखरच हे करायचे आहे का असे विचारतो. तुम्ही हट्ट धरला की तो आणखी विनवतो, मग वैतागतो आणि शेवटी हताश होऊन तुम्हाला तुमच्या मनासारखे करू देतो. हात बरबटतो, पण आतून काहीतरी उपयोगी वस्तू मिळते. पुढच्या गावात पुन्हा पीकदाणी दिसते आणि हा वाद नव्या शब्दांत पुन्हा सुरू होतो.

मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा नुसत्या वर्णनाला हसलो होतो. तिसऱ्या-चौथ्या पीकदाणीपाशी मात्र लक्षात आले, की हा विनोद माझ्याच स्वभावावर बेतलेला आहे. दिसेल त्या पिंपात, पेटीत आणि कपाटात हात घालायचा, ही रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला जडलेली सवय आहे. लेखकांनी ती ओळखली, तिला एक बोलणारा निवेदक दिला आणि वर तिला बक्षीसही ठेवले. म्हणून हा विनोद वाचण्यापेक्षा करण्याचा आहे. खेळाडूने बटण दाबले नाही तर तो घडतच नाही. समीक्षकांपैकी ज्यांनी ही गोष्ट हेरली, त्यांच्या समीक्षा मला सर्वांत नेमक्या वाटतात.

पर्यायांच्या यादीतल्या विनोदाचा उल्लेख अनेक ठिकाणी येतो. तो काय आहे?

खेळाच्या आरंभीच्या भागात एक पुस्तक सापडते. ते वाचले की खेळाच्या पर्यायांच्या यादीत वेडगळ चालीचा एक नवा पर्याय दिसू लागतो. तो चालू केला की तुमचे काड्यांचे पात्र साधेपणाने चालायचे सोडून देते आणि निरनिराळ्या विचित्र चालींनी पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. याचा लढाईत किंवा कथेत काहीही फायदा नाही. पण आवाज कमी-जास्त करण्याच्या रुक्ष यादीत जाऊन एखादा विनोद तिथे ठेवून यावा, हे ज्या लेखकांना सुचते त्यांच्यावर खेळाडू पुढचे पंधरा तास विश्वास टाकतो. समीक्षकांनी या एवढ्याशा गोष्टीला एवढी जागा का दिली, याचे उत्तर मला त्या विश्वासात दिसते.

काड्यांच्या माणसांची चित्रे पाहून समीक्षकांना खेळ हलक्या दर्जाचा वाटला नाही का?

पहिल्या नजरेला तशी शंका येते, आणि काही समीक्षांची सुरुवातही ‘चित्रांवर जाऊ नका’ अशाच आशयाने होते. पण खेळ संपवून लिहिणाऱ्यांनी ही चित्रशैली गुण म्हणूनच नोंदवली. पात्राच्या टोपीचे टोक, मिशीची रेघ किंवा खांद्यांचा बाक एवढ्यावरच त्याचा स्वभाव उभा राहतो. उरलेले काम शब्द करतात. वर्णनात जे लिहिले आहे ते चित्रात दिसत नसल्यामुळे वाचणारा ते स्वतः कल्पितो, आणि विनोदाला अशी मोकळी जागा लागतेच. शिवाय साध्या चित्रांमुळे एका छोट्या चमूला शेकडो वस्तू, पात्रे आणि प्रसंग उभे करता आले, हा व्यावहारिक भागही विसरू नये. रायन आइक यांच्या संगीताने मात्र हे जग पोकळ वाटू दिले नाही. ते संगीत जुन्या ‘वेस्टर्न’ चित्रपटांच्या, म्हणजे अमेरिकी सीमावर्ती प्रदेशातल्या गुराखी-पिस्तूलबाजांच्या चित्रपटांच्या वळणाचे आहे आणि थट्टेच्या सुरात वाजवलेले नाही. त्यामुळे ओसाड माळावरून चालताना क्षणभर खरोखरच एकटे वाटते.

इंग्रजी शब्दखेळ कळले नाहीत तर समीक्षकांनी वर्णिलेला आनंद मिळतो का?

अर्धा मिळतो, आणि हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. खेळातले तीन पात्रप्रकारच पाहा. ‘काऊ पंचर’ हा गुराख्यासाठीचा जुना अमेरिकी शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ गायीला ठोसा मारणारा असा होतो आणि खेळात हे पात्र नेमके तेच करते. ‘बीनस्लिंगर’ हा पिस्तूलबाजासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘गनस्लिंगर’ या शब्दाचा विनोदी भाऊ आहे. हा गडी मंतरलेल्या घेवड्याच्या बिया आणि शिजवलेल्या उसळींच्या जोरावर लढतो. ‘स्नेक ऑइलर’ हा सापाचे तेल विकणाऱ्या भोंदू वैदूंवरून आला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत सर्व रोगांवर चालणारे औषध म्हणून असली तेले विकली जात आणि त्यावरून ‘स्नेक ऑइल’ म्हणजे फसवे औषध असा अर्थ रूढ झाला. खेळातले हे पात्र साप आणि औषधे दोन्ही वापरते.

सगळ्या कथेच्या पार्श्वभूमीला असलेला उत्पातही असाच एका वाक्प्रचारातून जन्मला आहे. इंग्रजीत फार लांबणाऱ्या गोष्टीबद्दल ‘गायी घरी येईपर्यंत’ असे म्हणतात. या खेळाच्या जगात गायी एके दिवशी खरोखरच घरी आल्या, त्या थेट नरकातून आल्या आणि त्यांनी प्रदेश उद्ध्वस्त केला. पात्रे त्या दिवसाबद्दल दबक्या आवाजात बोलतात. वाक्प्रचार ठाऊक असेल तर तो उल्लेख प्रत्येक वेळी गुदगुल्या करतो. ठाऊक नसेल तर ती एक चमत्कारिक भयकथा वाटते, आणि तशीही ती वाईट नाही. इंग्रजी भाषेतल्या बहुतेक समीक्षकांना ही अडचण आलीच नाही, त्यामुळे त्यांनी तिचा विचारही केला नाही. मराठी वाचकाने त्यांचे कौतुक वाचताना एवढा फरक मनात धरावा.

समीक्षकांनी कोणत्या उणिवा दाखवल्या?

सर्वांत वारंवार आलेली तक्रार लढाईची आहे. लढाई आळीपाळीने चालते. दोन्ही बाजूंची माणसे लहानशा चौकटींत उभी राहतात आणि प्रत्येक जण आपल्या पाळीला हल्ला करतो, एखादी शक्ती वापरतो किंवा जवळची वस्तू वापरतो. ही रचना कळायला सोपी आहे, पण काही तासांनंतर ती उथळ वाटू लागते. एकदा पात्र मजबूत झाले की डावपेच आखण्याची गरज उरत नाही. उलट काही ठिकाणी मात्र तयारीविना गेल्यास अचानक मार बसतो. हा चढउतार नीट बेतलेला नाही.

दुसरी तक्रार सामानाच्या यादीची आहे. दिसेल ते उचलायला लावणाऱ्या खेळात टोप्या, कोट, बाटल्या, कागद आणि निरुपयोगी भासणाऱ्या चिजा यांचा ढीग साचतो. त्यांतून हवी ती वस्तू शोधणे कंटाळवाणे होते. कोडी सोडवताना आधी वाचलेला एखादा आकडा किंवा शब्द पुढे लागतो, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते. काहींना हे जुन्या साहसखेळांची आठवण देणारे म्हणून आवडले आणि काहींना त्याचा जाच झाला.

माझा स्वतःचा आक्षेप तिसराच आहे. खेळाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका गच्च भरलेला नाही. शेवटाकडे जाताना प्रसंग पटापट उरकल्यासारखे वाटतात. जवळपास प्रत्येक दगडाखाली एक वाक्य ठेवणाऱ्या खेळाकडून शेवटाबद्दल अधिक अपेक्षा करणे अन्याय्य नाही.

लढाई सोपी असणे हा दोष मानायचा की लेखकांचे धोरण?

धोरण, असे माझे मत आहे, आणि खेळातले इतर नियमही त्याला दुजोरा देतात. लढाईत हरल्यावर पात्र मरत नाही, चिडते. चिडलेल्या अवस्थेत त्याला थोडा फायदाच होतो. वारंवार हरल्यावर ते कोलमडते, दिवस संपतो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा उठून कामाला लागते. मिळालेला अनुभव कोणत्या गुणांवर खर्च करायचा हेही खेळ स्वतःहून ठरवू शकतो. ज्याला आकडेमोड आवडते त्याने ती हाती घ्यावी. अनेक लढाया बोलून, धमकावून किंवा चतुराईने टाळता येतात. वाचकाला पुढच्या वाक्यापर्यंत पोहोचू द्यायचे, वाटेत अडवायचे नाही, ही त्यामागची दृष्टी आहे. तरीही टाळता येण्याजोगी लढाई आणि रंगणारी लढाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या समीक्षकांनी दुसरी मागितली त्यांची मागणी रास्तच होती.

विनोदी खेळाची समीक्षा करणे अवघड का जाते?

कारण पुरावा देता येत नाही. लढाई चांगली आहे असे लिहिणारा समीक्षक तिचे नियम समजावून सांगू शकतो आणि त्याने वाचकाचे काहीच नुकसान होत नाही. विनोद चांगला आहे असे लिहिणाऱ्याने विनोद सांगितला तर तो वाचकासाठी वाया जातो, आणि न सांगितला तर वाचकाने नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायचा. ‘वेस्ट ऑफ लोदिंग’च्या समीक्षा वाचताना ही ओढाताण स्पष्ट दिसते. पीकदाणी आणि वेडगळ चाल ही दोनच उदाहरणे जिकडेतिकडे पुन्हा पुन्हा येतात. दोन्ही आरंभीच्या भागात भेटतात आणि दोन्ही सांगितल्याने फारसे बिघडत नाही. त्यापुढच्या शेकडो जागांबद्दल समीक्षकांनी जाणूनबुजून मौन पाळले आणि म्हणून विशेषणांवर भागवले. विशेषणे जास्त झाली की कौतुक पोकळ वाटू लागते, पण या बाबतीत वाचकाने त्यांना माफ करावे असे मला मनापासून वाटते. त्यांनी खेळाडूचा आनंद राखला.

आणखी एक अडचण अशी, की हसू येणे ही फार खासगी गोष्ट आहे. गुणांकन पद्धतीत तिला घर नाही. चित्रे, ध्वनी, खेळण्याची सोय अशा रकान्यांत खेळ विभागून गुण देणाऱ्या समीक्षेला हा खेळ मध्यम दर्जाचा ठरवावा लागला असता. तो तसा ठरला नाही याचा अर्थ समीक्षकांनी रकाने बाजूला ठेवले.

‘वेस्टर्न’ कथाप्रकार म्हणून समीक्षकांनी खेळाकडे कसे पाहिले?

बहुतेकांनी तो विडंबन म्हणून पाहिला आणि तेवढ्यावर थांबले. इथे खोलात जायला हवे होते. कथेत पश्चिमेकडे सरकणाऱ्या रेल्वे कंपनीचे नाव ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’ असे आहे. हे शब्द १८४५ साली जॉन ओ’सलिव्हन या पत्रकाराच्या लेखनातून प्रचारात आले. अमेरिकेने पॅसिफिक महासागरापर्यंत पसरावे ही विधिलिखित गोष्ट आहे, असा त्यांचा आशय होता, आणि याच विचाराच्या आधारे तिथल्या मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकावले गेले. पूर्व-पश्चिम जोडणारा खरा लोहमार्ग १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रोमोन्टरी समिट इथे जोडला गेला. एवढे जड शब्द एका विनोदी रेल्वे कंपनीच्या पाटीवर लिहायचे आणि खेळाडूला तिच्याच कामाला जुंपायचे, यात लेखकांनी काहीतरी सुचवले आहे.

त्याचबरोबर शत्रू म्हणून मूळ रहिवाशांना उभे करण्याची या कथाप्रकाराची जुनी खोड खेळाने टाळली आहे. गोळ्या खातात ते दरोडेखोर, सांगाडे, विदूषक आणि गायी. हे सौजन्याचे आहे, यात शंका नाही. पण टाळणे म्हणजे सामोरे जाणे नव्हे. नाव उच्चारून त्या नावाने ज्यांना चिरडले त्यांना चित्रातूनच वगळायचे, ही पोकळी मला जाणवते, आणि तिच्याविषयी समीक्षकांनी अधिक लिहायला हवे होते असे वाटते.

खेळाला काही मान मिळाला का?

‘पीसी गेमर’ या नियतकालिकाने २०१७ सालच्या आपल्या वार्षिक निवडीत सर्वोत्तम विनोदी खेळ म्हणून त्याची निवड केली.

निन्टेन्डो स्विचवरच्या आवृत्तीबद्दल मत वेगळे होते का?

ती आवृत्ती मे २०१८ च्या अखेरीस आली आणि तिचेही स्वागत चांगलेच झाले. खेळ तोच आहे. हातात घेऊन थोडा थोडा वाचावा अशा घडणीचा असल्यामुळे तो त्या यंत्रावर शोभतो. मजकूर प्रचंड असल्याने लहान पडद्यावर वाचताना डोळ्यांना ताण पडतो आणि सामानाची यादी बटणांनी चाळणे माऊसपेक्षा संथ होते, एवढा फरक लक्षात ठेवावा.

आधी ‘किंगडम ऑफ लोदिंग’ खेळलेला असणे गरजेचे आहे का?

नाही. मांस हे चलन म्हणून वापरले जाते, स्नायुबळ, गूढशक्ती आणि चतुराई असे तीन मुख्य गुण असतात, अशा काही गोष्टी तिकडून आल्या आहेत. जुन्या खेळाडूंना त्या ओळखीच्या वाटतात आणि नव्यांना त्या नुसत्याच मजेशीर वाटतात.

त्यानंतर आलेल्या भागांचे स्वागत कसे झाले?

२०१९ च्या फेब्रुवारीत ‘रेकनिन अ‍ॅट गन मॅनर’ हा जोडभाग आला. एका झपाटलेल्या वाड्यातल्या भुतांचा छडा लावण्याची ही छोटी कथा मुख्य खेळाच्या मध्येच खेळता येते. लढायांपेक्षा कोड्यांवर भर असल्यामुळे मूळ खेळाच्या बलस्थानाला ती अधिक धरून आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘शॅडोज ओव्हर लोदिंग’ हा पुढचा स्वतंत्र खेळ प्रसिद्ध झाला. पश्चिमेचा माळ सोडून तो १९२० च्या दशकातल्या भयकथांच्या वळणाच्या शहरी आणि दलदलीच्या प्रदेशात शिरतो. समीक्षकांनी त्याचेही मनापासून स्वागत केले. तो आकाराने मोठा आहे आणि लढाई सुधारण्याचा प्रयत्न त्यात दिसतो, म्हणजे २०१७ मधल्या तक्रारी लेखकांनी ऐकल्या होत्या. दोन्हींपैकी आधी कोणता खेळावा असे कोणी विचारले तर मी ‘वेस्ट ऑफ लोदिंग’च सांगतो. नव्या खेळात सोयी जास्त आहेत, पण पहिल्या पीकदाणीपाशी निवेदकाशी घातलेला वाद मनात ताजा असला की नव्या खेळातल्या निवेदकाचा प्रत्येक सुस्कारा ओळखीचा वाटतो.